सामुदायिक दळण

वडवणीत मी पाच वर्षं ज्या घरात भाड्यानं राहिलो, त्या घराच्या फाटकातून आत शिरलं की समोर पहिल्यांदा दिसायचा तो फळा. शाळेनं मोडीत काढलेला, एका कोपऱ्यात टवका उडालेला काळा फळा. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ, डावीकडं ‘समाजवाद’, उजवीकडं ‘भांडवलशाही’, आणि दोन्हीखाली गुण. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला घरमालक सदऱ्याच्या खिशातून खडू काढायचे आणि त्या दिवशी जगात जे काही घडलं, म्हणजे वडवणीत जे काही घडलं, त्याचा निकाल लावायचे. खिसा कायम पांढरा. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकूंनी, तो धुऊन धुऊन शेवटी नाद सोडला होता.

घरमालक म्हणतोय खरं, पण हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. हायस्कुलात तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, म्हणून आम्ही सगळे सहा खोल्यांतले भाडेकरू त्यांना ‘सर’ म्हणायचो. चुकून कुणी ‘मालक’ म्हणालं तर ते म्हणायचे, “जमिनीला कसला मालक? मी इथं नुसता राखणदार हाय.” मग पहिल्या तारखेला हा राखणदार प्रत्येक दारात उभा राहायचा, हे सोडा.

मी खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी आधी नोकरी विचारली. मी म्हणालो, मोबाइलचे टॉवर सांभाळणाऱ्या एका कंपनीत आहे. त्यांनी मला चपलेपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि घराच्या पुढच्या अंगाला जी पिठाची गिरणी होती तिकडं तोंड करून ओरडले, “ऐकलंस का? भांडवलशाही भाड्यानं राहायला आली हाय!”

गिरणीच्या आवाजातून काकूंचा आवाज आला, “तिला म्हणावं, खोली झाडून घे आधी.”

त्या दिवसापासून माझं नाव ‘कंपनी’ पडलं. पाच वर्षांत सरांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे. रेंज गेली की ते थेट माझ्या दारात. “काय कंपनी, आज रेंज कावून न्हाई?” आणि मी काही बोलायच्या आत फळ्याकडं निघालेले. उजवीकडचा एक गुण वजा.

पण माणूस इमानदार. स्वतः पक्का समाजवादी, तरी आपल्या बाजूला कधी एक गुण फुकट घेतला नाही. नियम एकच होता: जे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तेच फळ्यावर जाईल, ऐकीव गोष्टीला गुण नाही. आठवडी बाजारातून येताना एका जीपवाल्यानं चौदा माणसं कोंबली आणि पंधरावी एक म्हातारी वाटेत घ्यायला तयार होईना. “पूर्ण भाडं असंल तर चढ, न्हाईतर हट बाजूला,” म्हणाला. सर खाली उतरले, आपली जागा म्हातारीला दिली आणि पाच किलोमीटर चालत आले. घामानं निथळत आधी फळ्याशी गेले, मग पाणी प्यायले. भांडवलशाही वजा दोन. मी म्हणालो, “सर, पण ती जीप निदान होती तरी. नसती तर चौदाच्या चौदा चालत आले असते.” सरांनी बाहीनं घाम पुसला. मग परत गेले आणि वजा दोनाचं वजा एक केलं. चेहरा मात्र असा की मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली आहे.

अंगणात एक सीताफळाचं झाड होतं. त्याची फळं सहा खोल्यांत समसमान वाटली जायची. एकदा सहा-सहा वाटून एक फळ उरलं. दुसरा कुणी असता तर गुपचूप खाऊन मोकळा झाला असता. सरांनी ते परातीत फोडलं आणि बिया मोजून गराचे सहा वाटे केले. तोवर गराचा चिखल झाला होता. शेजारच्या खोलीत एक शिंपी राहायचा, त्याची बायको परातीकडं बघून म्हणाली, “सर, मपला वाटा माश्यांना द्या.”

भाड्याचीही तीच तऱ्हा. भाडं ऐपतीप्रमाणे. ज्यानं त्यानं आपला पगार खरा सांगायचा आणि सरांनी आकडा ठरवायचा. शिंप्यानं बिचाऱ्यानं खरं सांगितलं. मी, आता लपवून काय करू, निम्मा सांगितला. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “कंपन्या पिळून घेतात रे पोरांना.” माझं भाडं सगळ्यांत कमी ठरलं. महिनाभर मी खुशीत होतो.

महिन्यानं मी गव्हाचा डबा घेऊन गिरणीवर गेलो. काकूंनी झाकण उघडलं, मूठभर गहू तळहातावर घेतला, वास घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “एवढ्या पगारात हा गहू?”

मी डब्याचं झाकण परत लावायला गेलो.

“डब्यात काय हाय ते बघितलं की घरात काय हाय ते कळतंय मला,” काकू म्हणाल्या. “कोण जेवतंय, कोण दिवस ढकलतंय, कुणाकडं पाव्हणे आलेत, कुणाचा मालक दारूला लागलाय. सगळं.”

“सरांना सांगू नका,” मी म्हणालो.

“न्हाई सांगत. पण दर महिन्याला हौद तू धुवायचा.”

हौद म्हणजे सहाही खोल्यांचा सामायिक पाण्याचा हौद. सगळ्यांचा होता, म्हणून तो कुणीच धूत नव्हतं आणि आत हिरवं शेवाळ साचलं होतं. सरांनी त्यावर तीन बैठका घेतल्या होत्या. पुढच्या रविवारी मी तो घासून लख्ख केला. सर आत वाकून बघतच राहिले आणि म्हणाले, “बघ, माणसात उपजतच असतंय ते.” समाजवाद अधिक तीन. गिरणीतून काकूंचं हसणं मला ऐकू आलं, सरांना आलं नाही.

गिरणी काकूंची. जागा घरची, पण गिरणी त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली, तीसेक वर्षांपूर्वी. सरांच्या लेखी ती घरातली भांडवलशाही होती आणि ते तिला चुकूनही हात लावत नसत. त्याच गिरणीच्या जिवावर त्यांचा पेपर, चहा आणि दुपारची झोप चालायची, हा मुद्दा काकूंनी कधी काढला नाही. दुपारची झोप मात्र पक्की होती. जेवण झालं की एक ते तीन, डोक्यावरून चादर घेऊन, भूकंप आला तरी.

मग काकूंना मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन बीडला करायचं ठरलं, तिथं मुलगी होती. आठ दिवसांचा प्रश्न. पण नेमकं त्याच महिन्यात समोरच्या बाजूला, रस्त्याच्या पलीकडं, नवी गिरणी उघडली होती. भिंतीला पांढऱ्या फरश्या, पंखा, बसायला खुर्च्या. पोरगा तोंडाचा गोड. काकूंना ऑपरेशनची भीती नव्हती, गिरणी आठ दिवस बंद राहण्याची होती. “एकदा डबा रस्ता ओलांडून गेला की परत येत न्हाई,” त्या म्हणाल्या. शेवटी सर म्हणाले, “मी बसतो.”

 निघताना काकू जीपच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “डबा घ्यायचा, दळायचं, डबा द्यायचा. डोकं चालवायचं न्हाई.”

पहिला दिवस झकास गेला. बाया डबे ओट्यावर रांगेत ठेवून घरी जायच्या, सर एकेक डबा नरसाळ्यात ओतायचे, पीठ भरून परत रांगेत ठेवायचे. संध्याकाळपर्यंत भुवया पांढऱ्या झालेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोळा डबे आले, सगळे जवारीचे. सरांनी झाकणं उघडली आणि तिथंच बसले. मी कामावर निघालो होतो, मला हाक मारली. “कंपनी, हे बघ.” एका डब्यात मालदांडी, मोत्यासारखी पांढरीशुभ्र. शेजारच्या डब्यात पावसात भिजून काळी पडलेली हायब्रीड, वासही कुबट. “एकाच गल्लीत राहत्यात, एकाच ओट्यावर डबे ठेवत्यात, आन् भाकरी दोन रंगाच्या?” सर उठून उभे राहिले. “तीस वर्सं मी पोरांना समता शिकवली, आन् माझ्याच घरात हे चाललंय?”

मला तेव्हाच पळून जायला पाहिजे होतं. पण त्यांचे डोळे असे काही चमकत होते की पायच निघेना. आम्ही ताडपत्री अंथरली. सोळाच्या सोळा डबे तिच्यावर ओतले. मी फावड्यानं खालवर केलं. सरांनी सगळं एकत्र दळलं आणि ज्याच्या डब्यात जेवढं वजन आलं होतं तेवढंच पीठ त्याला तोलून परत दिलं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सामुदायिक दळण’. समाजवाद अधिक दहा. इतके गुण त्या फळ्यानं कधी बघितले नव्हते.

रात्री आठाच्या आत बाया आल्या. आधी दोघी, मग सगळ्याच. पुढं शिंप्याची बायको, हातात अर्धी भाकरी.

“सर, ही खा.”

सरांनी घास घेतला. कचकन आवाज आला, तो मला फाटकापाशी ऐकू आला. कुणीतरी जवारी न निवडताच आणली होती, आता खडे सोळा घरांत गेले होते. कुणाच्या जवारीत सोंडे किडे होते, तेही सोळा घरांत गेले होते.

“तत्त्व म्हणून बघा तुमी,” सर म्हणाले. “ज्याच्याकडं वाईट होतं त्याला थोडं चांगलं मिळालं.”

“आन् आमाला कावून वाईट?” मागून एक जण ओरडली. “आमी मालदांडी राबून पिकवली, ती काय खडे खायला?”

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातली बाई पुढं आली. ती आत्तापर्यंत हसू दाबत उभी होती. “सर, एक सांगू का? मव्हा डबा माणसांचा नव्हताच. कोंबड्यांसाठी भरडा काढायला दिलता मी.”

 मग प्रत्येकीनं आपापल्या भाकरीचा विचार केला, आणि जो काही कल्ला उठला! “कोंबड्यांचं खाल्लं आमी? आन् हिच्या कोंबड्या मालदांडी खायल्या?” सर मध्ये उभे, हातात ती अर्धी भाकरी. मी माझ्या खोलीत शिरून कडी लावली, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी ओटा रिकामा. एकही डबा नाही. समोरच्या गिरणीपुढं रांग रस्त्यापर्यंत आलेली, आणि त्या रांगेतले डबे आम्हाला ओळखीचे.  चौथ्या दिवशीही तेच. सरांनी फळ्यावरचे दहा गुण पुसले, पण खाली काही लिहिलं नाही. काकूंची तीस वर्षांची गिरणी त्यांनी एका सकाळी घालवली होती, आणि चार दिवसांनी त्या येणार होत्या.

काकूंचा रोज पाचला फोन यायचा. फोन वाजला की सर पळत गिरणीत जायचे आणि मला खूण करायचे. मी बटण दाबायचो. रिकामी गिरणी धडधडायला लागायची. मग सर फोन उचलायचे. “हॅलो! जोरात बोल! गर्दी हाय ना इथं!” जन्मात खोटं न बोललेला माणूस. घसा ताणून ओरडायचा, “व्हय, व्हय, लई गर्दी!” आणि भिंतीकडं तोंड करून डोळे पुसायचा. फोन ठेवला की म्हणायचा, “बंद कर, दगड दगडाला खातोय.”

पाचव्या दिवशी दुपारी सरांना झोप लागेना, म्हणून ते ओट्यावर बसले होते. मलाही सुट्टी होती. दीडच्या सुमाराला रस्ता सामसूम झाल्यावर एक म्हातारी आली. मेंढरांमागं रानोमाळ जाणाऱ्या घरातली. घरचे सगळे कळप घेऊन गेलेले, ही एकटी मागं राहिलेली. तिच्या हातात फडक्यात बांधलेली शेरभर जवारी.

“समोरचा म्हणतोय पाच किलोच्या आत मोटार लावत न्हाई,” ती म्हणाली. “तुमी दळता का? हमेशावानी?”

“हमेशावानी म्हणजे?”

“म्हणजे पैशे न्हाईत,” म्हातारी सरळ म्हणाली. “बाई घेत न्हाई मव्ह्याकडून. मी ओटा झाडून देते कव्हा कव्हा.”

सरांनी तिच्याकडं बघितलं. “मी तर तुला कधी बघितलं न्हाई इथं.”

“तुमी कसं बघताल? तुमी निजलेले असता. बाई म्हणती, एक वाजता येत जा, सर निजल्यावर. आमी सातजणी हाव.”

सरांनी तिची जवारी दळली. इतक्या काळजीनं की जणू सोनं दळतायत. पीठ बांधून दिलं, ती ओटा झाडू लागली तर तिच्या हातातला झाडू घेतला आणि स्वतः झाडला. ती गेल्यावर ओट्यावर बसले. मग म्हणाले, “कंपनी, तीस वर्सं मी फळा लिहितोय. जे डोळ्यांनी बघितलं तेच. आन् ही रोज माझ्या उशापाशी…”  मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

त्याच संध्याकाळी आम्ही घराघरांत गेलो. सरांनी घरातल्या कणगीतली सगळी जवारी, वर्षाची, निवडलेली मालदांडी, पोत्यात भरून घेतली होती. मी पोतं उचलायला. प्रत्येक दारात सर एवढंच म्हणायचे, “चुकलं. तुमची जशी होती तशी जवारी परत देतो. कसली होती?” भाषण नाही, तत्त्व नाही. त्यांना ते किती जड गेलं असेल, त्यांनाच माहीत.

पहिल्या घरानं सांगितलं, मालदांडी. दुसऱ्यानं सांगितलं, मालदांडी. काळ्या पडलेल्या जवारीवाल्या घरानंही जमिनीकडं बघत सांगितलं, मालदांडी. शेवटी कोपऱ्यावरच्या घरी गेलो. त्या बाईनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “मालदांडीच होती की सर. लाडाच्या कोंबड्या हायत.”

पोतं रिकामं झालं. परत येताना सर अंधूक उजेडात हसले, चार दिवसांत पहिल्यांदा. “सोळाच्या सोळा घरं मालदांडीवाली! कंपनी, वडवणीतलं दारिद्र्य आपण एका संध्याकाळी हटवलं बघ.” मी विचारलं, हे कुठल्या बाजूला लिहिणार? ते म्हणाले, “गप चल.”

पण डबा दळायला आणण्याचं कुणीच कबूल केलं नव्हतं. “काकू आल्यावर बघू,” एवढंच.

आठव्या दिवशी सकाळी सर पहाटेपासून उठलेले. दाढी केली, पांढरा सदरा घातला, खिशात खडू नाही. मला म्हणाले, “फाटकातच सांगून टाकतो. आत येऊ दे मग, न्हाईतर न येऊ दे.” मी ओट्यावर गेलो आणि तिथंच थबकलो. ओट्यावर एक डबा होता. शिंप्याच्या बायकोचा. ती शेजारीच उभी होती, माझ्याकडं न बघता म्हणाली, “त्यांचीच जवारी घ्यायची आन् समोर नेऊन दळायची, कसं दिसतंय ते? तोंड न्हाई का आमाला?” तिच्यामागं दुसरी आली. मग तिसरी. कोंबड्यांवालीही आली. नऊ वाजेपर्यंत रांग ओट्याच्या टोकाला पोचली, सोळाच्या सोळा.

काकू जीपमधून उतरल्या, डोळ्यांवर काळा चष्मा. सर पुढं झाले. “मी तुझी गिरणी बुडवली होती,” ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. ताडपत्री, फावडं, कोंबड्या, सगळं. माझं नावही घेतलं, तेवढं नसतं घेतलं तरी चाललं असतं.

काकूंनी डब्यांच्या रांगेवरून हात फिरवत फिरवत शेवटपर्यंत जाऊन पाहिलं. मग म्हणाल्या, “माहीत हाय मला.”

“कुणी सांगितलं?”

“तुमीच. रोज पाच वाजता.” काकूंनी चष्मा सारखा केला. “भरलेली गिरणी आन् रिकामी गिरणी, आवाज कळत न्हाई व्हय मला?”

 “मंग तू बोलली कावून न्हाईस?”

“तुमी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गिरणीसाठी खोटं बोलत होता,” काकू म्हणाल्या. “ऐकू वाटलं.”

एवढं बोलून त्या ओट्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, “कंपनी, बटण दाब. पिठाला हात लावायची मला बंदी हाय महिनाभर, दळायचं तू.” मी दळलं. सर रांगेच्या शेवटी, कुणाच्याही मध्ये न येता, उभे होते. जरा वेळानं त्यांनी काकूंपाशी येऊन, खाली वाकून विचारलं, “आन् त्या सातजणींचं? ते तरी सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर फळ्यावर आलं असतं,” काकू म्हणाल्या. “आन् फळ्यावर आलं असतं तर त्या आल्या असत्या का परत?”

सरांनी त्या दिवशी फळ्यावर काही लिहिलं नाही. नंतर परत लिहू लागले, रेंज गेली की माझे गुणही कापू लागले. जीपवाले, नळाचं पाणी, बाजारातले भाव, दोन्ही बाजूंचे हिशेब चालू राहिले, आणि कुणीच कधी जिंकलं नाही. नियमही तोच, जे डोळ्यांनी बघितलं तेच.

माझी बदली व्हायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला दुपारी त्यांच्या खोलीत गेलो. दीड वाजला होता. सर डोक्यावरून चादर घेऊन, भिंतीकडं तोंड करून पडलेले. बाहेर ओट्यावर कुणीतरी बाई हळू आवाजात काकूंशी बोलत होती, मग झाडूचा आवाज आला, मग मोटार सुरू झाली. मी पाय न वाजवता परत फिरलो, तेवढ्यात चादरीच्या आतून आवाज आला.

“कंपनी.”

“जी सर?”

“भरलेली हाय ना?”

मी कान देऊन ऐकलं. पाच वर्षांत मलाही फरक कळायला लागला होता. “भरलेली हाय सर,” मी म्हणालो.

“बरं,” सर म्हणाले आणि चादर आणखी घट्ट ओढून घेतली. “मंग जा तू. मी निजलोय.”